गुण का आला नाही?

मेळघाटातल्या धारणीचं उपजिल्हा रुग्णालय असो, कळमखार-साद्राबाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र असो की हरिसालचा दवाखाना, एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. गोळ्या खाल्ल्या, पण गुण आला नाही. वऱ्हाडी बोलणारा ती आपल्या ढंगात सांगतो, कोरकू आजी नातवाला दुभाष्या करून सांगते. त्यावर डॉक्टर औषध बदलतो, डोस वाढवतो, नाहीतर गोळ्या घरी तशाच पडल्या असणार असं समजून पुढच्या रुग्णाकडे वळतो. मेळघाटात ही शेवटची समजूत फार लवकर केली जाते. आदिवासी औषध नीट घेत नाहीत, हे वाक्य इथे इतक्या वर्षांपासून बोललं जातं की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही.

वास्तविक गुण न येण्याची कारणं चार असू शकतात. गोळीत औषधच नव्हतं. किंवा होतं, पण भांडारातल्या उन्हाने आणि पावसाळ्यातल्या ओलीने ते उतरलं. किंवा गोळी चांगली होती, पण पोटात गेली नाही. किंवा गेलीही, पण त्या शरीराने ती इतक्या झपाट्याने मोडली की रक्तात पुरेशी उरलीच नाही. या चारांवरचे उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. पहिल्यासाठी पोलीस लागतात, दुसऱ्यासाठी भांडारपाल, तिसऱ्यासाठी आशाताई आणि चौथ्यासाठी डॉक्टर. नेमकं कारण ओळखायचं तर गोळीत औषध किती आहे आणि रक्तात किंवा लघवीत किती उतरलं आहे, हे मोजायला हवं. अंदाजाने ते कळत नाही.

ही मोजणी धारणीपासून फार लांब आहे. राज्याच्या औषध नियंत्रण प्रयोगशाळा तीन ठिकाणी आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. धारणीहून निघालेला गोळ्यांचा नमुना हरिसाल, सेमाडोह, घाट आणि परतवाडा करत दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीला पोचणार, आणि तिथून नागपूर आणखी तेवढंच लांब. रक्तातल्या औषधाची पातळी मोजायची तरी मोठ्या शहराचाच रस्ता धरावा लागतो. नमुना गेला, तपासला गेला, अहवाल परत आला, तोवर रुग्ण एक तर बरा झालेला असतो, नाहीतर दवाखान्याचा नाद सोडून भुमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, गेलेला असतो.

एवढ्या लांबीची किंमत काय पडते, हे विदर्भाने नुकतंच पाहिलं आहे. मार्च २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून अन्न व औषध प्रशासनाने सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना उचलला. तो मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत गेला. अहवाल आला डिसेंबरमध्ये: गोळीत औषध नाही. माग काढत गेल्यावर साठा नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधभांडारातून आल्याचं दिसलं आणि तिथे सुमारे २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. वेष्टनावर छापलेली कंपनी अस्तित्वातच नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी दाखल केलेल्या आरोपपत्रात म्हटलं आहे की या बनावट गोळ्या हरिद्वारमधल्या, जनावरांची औषधं बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तयार झाल्या आणि त्यांत टाल्कम पावडर व स्टार्च होतं. महाराष्ट्राखेरीज उत्तर प्रदेश, झारखंड आणि छत्तीसगडमध्येही असा माल गेला.

मार्च ते डिसेंबर म्हणजे नऊ महिने. सिप्रोफ्लॉक्सासिन देतात ते मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला, रक्ती आवेला, काही ठिकाणी विषमज्वराला. त्या नऊ महिन्यांत या गोळ्या ज्यांनी गिळल्या त्यांना गुण आला नसणार. त्यांच्यापैकी किती जणांना औषध वेळेवर न घेतल्याबद्दल बोलणी बसली असतील, याची नोंद कुठेही नाही.

बनावट औषध हे टोक झालं. त्याच्या अलीकडे बऱ्याच मोठ्या संख्येने कमअस्सल औषधं असतात: कंपनी खरी, औषधही खरं, पण मात्रा कमी किंवा गोळी विरघळतच नाही. २०१४ ते २०१६ या काळात केंद्र सरकारने देशभर औषधांचं सर्वेक्षण केलं. ४७ हजारांवर नमुने तपासले गेले. ३.१६ टक्के नमुने दर्जात उतरले नाहीत. निव्वळ बनावट निघाले ते अगदी थोडे. पण सरकारी भांडारांतल्या नमुन्यांत दर्जा नसलेल्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात होतं. मेळघाटातला माणूस जे औषध घेतो ते बहुतांश सरकारी भांडारातलंच असतं. त्यातच पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी औषधांचा साठा आधीच पोचवून ठेवावा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. ‘३० अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा’ हे वेष्टनावरचं वाक्य पत्र्याच्या छपराखालच्या उपकेंद्राला कसं पाळता येणार? अमॉक्सिसिलिनबरोबर येणारं क्लॅव्हुलॅनिक आम्ल तर ओलाव्याला विशेष हळवं असतं.

विजेने मोजणं

औषध मोजण्याची मान्य पद्धत म्हणजे द्रवरूप क्रोमॅटोग्राफी, प्रयोगशाळांच्या बोलीत एचपीएलसी. यंत्राची किंमत लाखांत, त्याला लागणारे द्रावक अतिशुद्ध, वीज अखंड हवी आणि चालवणारा माणूस शिकलेला हवा. न्यायालयात टिकेल असा अहवाल याच यंत्राकडून येतो आणि तो यायलाच हवा. पण पहिली शंका दूर करायला एवढ्या मोठ्या यंत्राची गरज नसते. तिथे विद्युतरसायनी संवेदकाचा, म्हणजे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा, उपयोग आहे.

त्यामागचं तत्त्व शंभर वर्षांचं आहे. १९२२ मध्ये प्रागमध्ये यारोस्लाव हेरॉव्स्की यांनी थेंबाथेंबाने पडणाऱ्या पाऱ्याचा इलेक्ट्रोड द्रावणात धरला, त्यावरचा विद्युतदाब हळूहळू बदलत नेला आणि किती प्रवाह वाहतो ते टिपलं. प्रत्येक पदार्थ एका ठरावीक दाबाला इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो आणि तिथे प्रवाह एकदम चढतो. चढ कुठे आला त्यावरून पदार्थ कोणता ते कळतं आणि किती उंच आला त्यावरून तो किती आहे ते कळतं. या कामासाठी हेरॉव्स्कींना १९५९ चं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या राल्फ अ‍ॅडम्स यांनी पाऱ्याऐवजी ग्राफाइटची भुकटी तेलात मळून नळीत ठासली. हा कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड कोणत्याही महाविद्यालयात दुपारभरात बनतो. आज तर कार्बनची शाई प्लास्टिकच्या पट्टीवर छापतात. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापल्या जातात, तीच ही पद्धत. पट्टीवर तीन इलेक्ट्रोड असतात: एकावर प्रक्रिया घडते, दुसऱ्याच्या तुलनेत दाब मोजला जातो आणि तिसरा मंडल पुरं करतो. पट्टी ज्या उपकरणात खोचायची त्याला पोटेन्शिओस्टॅट म्हणतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘चीपस्टॅट’ नावाच्या अशा उपकरणाचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्याचा खर्च ८० डॉलरच्या आत होता.

आता कळमेश्वरची गोळी या पट्टीवर धरून पाहू. गोळी कुटायची, ठरावीक आम्लतेच्या पाण्यात विरघळवायची, थेंब पट्टीवर सोडायचा आणि दाब वाढवत न्यायचा. सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर कार्बनच्या इलेक्ट्रोडवर साधारण एक व्होल्टच्या आसपास ते इलेक्ट्रॉन सोडतं आणि आलेखावर शिखर उभं राहतं. टाल्कम पावडर आणि स्टार्च या दाबाला काहीच करत नाहीत, त्यामुळे रेष सपाट राहते. गोळीत एरवी घातलेले भराव, बंधक, रंग हेही बहुतेक वेळा गप्प बसतात. म्हणून फार गाळणं, वेगळं करणं लागत नाही. औषध आहे की नाही, असलं तर निम्मं की पुरं, याचं कामचलाऊ उत्तर काही मिनिटांत मिळतं. नऊ महिने थांबायची वेळ येत नाही.

हे तंत्र आपल्याकडे अवगत नाही असं मुळीच नाही. मुंबई विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अश्विनी श्रीवास्तव आणि बंकिम संघवी यांनी कार्बन नॅनोनलिका मिसळलेल्या पेस्ट इलेक्ट्रोडवर पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन आणि कॅफीन ही तिन्ही एकाच वेळी मोजून दाखवली. तो निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. डोकेदुखीच्या अनेक गोळ्यांत हीच द्रव्यं एकत्र असतात, म्हणून त्याचं महत्त्व. सीमेपलीकडे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात शरणप्पा नंदीबेवूर यांनी आणि हुबळीच्या नागराज शेट्टी यांनी अ‍ॅसायक्लोव्हिरपासून कितीतरी औषधांचं इलेक्ट्रोडवरचं वागणं तपासलं. जगभर असे निबंध हजारांनी आहेत. बहुतेकांच्या शेवटी एकच वाक्य असतं: ही पद्धत गोळ्यांवर आणि मानवी लघवीवर यशस्वीपणे वापरून पाहिली.

माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे. बहुतेक वेळा तिथे लघवी असते एका निरोगी माणसाची, तीही पन्नास-शंभर पट पातळ केलेली. तिच्यात संशोधक स्वतःच्या हाताने औषध मिसळतो आणि मग मिसळलेल्यापैकी ९८ टक्के सापडलं असं नोंदवतो. ज्याने खरोखर गोळी घेतली, ज्याला ताप आहे, ज्याने दोन दिवस नीट पाणी प्यायलेलं नाही, अशा माणसाची लघवी त्या प्रयोगात नसते. रुग्णालयाशी करार, नीतिसमितीची मान्यता, रुग्णांची संमती हे सगळं वेळखाऊ असतं आणि पदवी त्याविनाही मिळते. विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण विद्यापीठांनी आणि निधी देणाऱ्यांनी हे इतकी वर्षं चालू दिलं, ते चुकलंच.

रक्तात उतरल्यावर

गोळीतलं औषध मोजणं सोपं, रक्तातलं कठीण. गोळीत पाचशे मिलिग्रॅम असतं. रक्तात पोचेपर्यंत ते एका मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम उरतं, आणि शेजारी त्याच दाबाला इलेक्ट्रॉन सोडणारे दुसरे अनेक पदार्थ असतात. युरिक आम्ल आणि क जीवनसत्त्व हे त्यातले नेहमीचे त्रासदायक शेजारी. क्षयावरच्या रिफाम्पिसीनची रक्तातली अपेक्षित पातळी सुमारे दहा मायक्रोमोलर. युरिक आम्ल एरवीच दोनशे ते चारशे असतं. शिवाय रक्तातली प्रथिनं इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर, दुधावर साय धरावी तशी, थर धरतात आणि खालचा कार्बन झाकून टाकतात. पहिलं मोजमाप बरं येतं, पाचवं खोटं. संशोधकांचे सगळे प्रयत्न या दोन अडचणींभोवती आहेत: नेफिऑनसारख्या विद्युतभारित पडद्याने युरिक आम्ल दूर ठेवणं, औषधाच्या रेणूच्या आकाराचे साचे पाडलेला पॉलिमर वापरणं, पट्टी एकदाच वापरून फेकून देणं.

मधुमेह्यांच्या ग्लुकोमीटरची पट्टी हाच प्रकार आहे, मग ती एवढी यशस्वी कशी झाली? लेलंड क्लार्क यांनी ग्लुकोजच्या इलेक्ट्रोडची कल्पना १९६२ मध्ये मांडली आणि खिशात मावणारं पहिलं विद्युतरसायनी यंत्र बाजारात आलं १९८७ मध्ये. मध्ये पंचवीस वर्षं गेली. ग्लुकोज रक्तात भरपूर असतं, रिफाम्पिसीनच्या पाचशे पट. त्याला ओळखणारं एन्झाइम निसर्गानेच दिलेलं आहे. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे त्या पट्टीला रोजचं गिऱ्हाईक आहे. क्षयाचा किंवा फिटचा गरीब रुग्ण पट्ट्यांचं गिऱ्हाईक होऊ शकत नाही. त्याच्यासाठी सरकारच गिऱ्हाईक व्हायला हवं.

एक औषध मात्र रुग्णालयांत रोज इलेक्ट्रोडवर मोजलं जातं. मनाच्या आजारावर दिलं जाणारं लिथियम. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या अनेक यंत्रांत लिथियमला ओळखणारा इलेक्ट्रोडही असतो. पातळी ०.६ ते १.२ मिलिमोलरच्या दरम्यान राहिली तर औषध, १.५ च्या वर गेली तर विषबाधेची भीती. इतकी अरुंद वाट आहे म्हणूनच लिथियम मोजल्याशिवाय देत नाहीत. मुद्दा हा, की औषध विजेने मोजणं ही वैद्यकाला अनोळखी गोष्ट नाही.

धारणीत याची निकड सर्वांत जास्त कशाला असेल, याचा विचार करताना मला आधी पॅरासिटामॉल दिसतं. हे औषध घराघरात आहे, लहान मुलाच्या तापापासून अंगदुखीपर्यंत. चुकून किंवा जीव द्यायला एकाच वेळी भरपूर गोळ्या घेतल्या, तर पहिला दिवसभर माणूस बऱ्यापैकी ठीक दिसतो आणि नंतर यकृत ढासळतं. उतारा आहे: एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. तो पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत जवळपास हमखास वाचतं. द्यायचा की नाही हे ठरतं गोळ्या घेतल्यापासून चार तासांनंतरच्या रक्तातल्या पातळीवरून. ती मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर उतारा द्यायचाच. आता हिशोब करा. बैरागडकडच्या एखाद्या गावातून धारणीला यायला वेळ, धारणीहून घाट उतरून अमरावतीला आणखी काही तास. आठातले निम्मे-अधिक तास रस्त्यावरच जातात. आणि पॅरासिटामॉल हा तर इलेक्ट्रोडचा सर्वांत सोपा विद्यार्थी. कार्बनवर ते स्वच्छ, ठळक शिखर देतं. विषारी पातळी असताना तर युरिक आम्लाची अडचणही बरीच मागे पडते. रसायनशास्त्रातला एक विलक्षण योग इथे सांगितलाच पाहिजे. इलेक्ट्रोडवर पॅरासिटामॉलचे दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन निघाले की जो रेणू बनतो, तोच यकृतातही बनतो आणि यकृत जाळतो. जी प्रक्रिया शरीरात घातक ठरते, तीच पट्टीवर घडवून आपण धोका मोजतो.

दुसरं नाव क्षयाचं. क्षयाच्या औषधांना मेळघाटातही एक जुनी, फुकटची तपासणी आहे. रिफाम्पिसीन घेतलेल्याची लघवी नारंगी होते. गोळी पोटात गेली की नाही हे त्यावरून कळतं. ती पुरेशी चढली की नाही, हे कळत नाही. सध्या देशात क्षयाच्या एकत्रित गोळ्या वजनाच्या पट्ट्यांनुसार देतात. मोठ्या माणसाच्या एका गोळीत रिफाम्पिसीन १५० मिलिग्रॅम असतं. २५ ते ३४ किलोला रोज दोन गोळ्या, ३५ ते ४९ किलोला तीन. चौतीस किलोच्या बाईला रिफाम्पिसीन मिळतं किलोमागे ८.८ मिलिग्रॅम आणि पस्तीस किलोच्या बाईला १२.९. शिफारस आहे दहाची, आठ ते बारांच्या दरम्यान. शहरात ही सीमारेषा क्वचितच कुणाच्या वाट्याला येते. कुपोषणाच्या मुलखात मोठी माणसं नेमकी या रेषेच्या आसपास असतात. त्यात आयसोनियाझिड हे दुसरं औषध मोडण्याचा वेग माणसागणिक जन्मतःच वेगळा असतो. संथ गतीने मोडणाऱ्यांच्या रक्तात ते साचतं, वेगवान मोडणाऱ्यांच्या रक्तात टिकत नाही. दोघांना गोळ्या मात्र सारख्याच. रिफाम्पिसीन आणि आयसोनियाझिड दोन्ही इलेक्ट्रोडवर प्रतिसाद देतात. गोळी घेतल्यानंतर दोन तासांनी बोटातून घेतलेल्या थेंबात त्यांची पातळी कळली, तर दोन की तीन गोळ्या हा प्रश्न वजनकाट्यावर सोडून द्यावा लागणार नाही.

फिटवरच्या फेनिटॉइनची गोष्ट याहून नाजूक आहे. ते रक्तात नव्वद टक्के अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं. काम करतो तो मोकळा उरलेला दहावा हिस्सा. कुपोषणात अल्ब्युमिन घटतं आणि मोकळा हिस्सा वाढतो. शहरातल्या प्रयोगशाळेचा अहवाल एकूण पातळी सांगतो आणि ती दहा ते वीस मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत दिसते, पण रुग्ण मात्र झोकांड्या खात चालतो, डोळे लुकलुकतात. बघणाऱ्याला तो दारू प्यालेला वाटतो. मोकळं औषध वेगळं मोजू शकणारा संवेदक इथे मोठ्या यंत्रापेक्षाही उपयोगी ठरेल.

आणि नवजात बाळं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांच्या हातून जंतुदोष झालेल्या बाळांना जेन्टामायसिनची सुई देता येते हे दाखवलं. १९९९ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि जगाने उचललं. मेळघाटातही उतावलीच्या ‘महान’ संस्थेने, डॉ. आशीष सातव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, घरपोच बालआरोग्याचं काम उभं केलं. जेन्टामायसिन जास्त झालं तर मूत्रपिंड आणि कान यांवर घाव घालतं. ते थेट इलेक्ट्रोडवर नीट बोलत नाही. पण कॅलिफोर्नियात केव्हिन प्लॅक्सो यांच्या गटाने सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएसारखी एक छोटी साखळी बांधली. औषधाचा रेणू आला की ती घडी बदलते आणि प्रवाह बदलतो. २०१७ मध्ये त्यांनी जाग्या उंदराच्या शिरेत हा संवेदक ठेवून जेन्टामायसिनसकट अनेक औषधं चढता-उतरताना तासन्‌तास पाहिली. हे अजून प्रयोगशाळेतलं काम आहे. बाळापर्यंत यायला त्याला वेळ लागेल.

जे या पट्टीला जमत नाही

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये धारणीच्याच सातपुड्याच्या रांगेत, पूर्वेला असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं गेली. अनेकांवर नागपुरात उपचार झाले. तामिळनाडूत बनलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. महाराष्ट्राने हे विष आधीही पाहिलं होतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे चौदा जणांचा जीव गेला आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली. चाळीस वर्षांनी तेच विष तशाच मार्गाने येतं, हे वाचून हात थरथरतात.

कार्बनची पट्टी हे विष पकडेल का? नाही. ग्लायकॉल कार्बनवर काही करत नाही. तांबं, निकेल किंवा सोन्याच्या इलेक्ट्रोडवर अल्कली द्रावणात ते इलेक्ट्रॉन सोडतं, पण औषधातली साखर, सॉर्बिटॉल, ग्लिसरॉल हेही तिथेच सोडतात. त्यासाठी वायुरूप क्रोमॅटोग्राफीच हवी आणि ती कारखान्याच्या दारातच झाली पाहिजे. हे मुद्दाम सांगतो, कारण नव्या यंत्राचं कौतुक करताना ते सगळं करेल असा भास तयार होतो. हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मेळघाटाला घोषणांची कमतरता कधीच नव्हती.

कायद्याचाही प्रश्न आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार नमुना कसा घ्यायचा, त्याचे भाग कसे करायचे, सरकारी विश्लेषकाने अहवाल कसा द्यायचा हे ठरलेलं आहे. पट्टीवरच्या आलेखावर कुणाला शिक्षा होणार नाही, व्हायलाही नको. पण संशयित साठा बाजूला ठेवायला आणि नागपूरला कोणता नमुना आधी पाठवायचा हे ठरवायला हा आलेख पुरेसा आहे. शंभर पेट्यांतून डोळे मिटून एक उचलण्यापेक्षा, सपाट रेष देणारी पेटी उचलली तर प्रयोगशाळेचं ओझंही हलकं होईल.

आणखी एक सावधगिरी. औषधाची पातळी बरोबर आली म्हणून उपाशी माणूस बरा होत नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना धान्य देऊन पाहिलं. घरातल्या नव्या संसर्गजन्य क्षयाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं आणि ज्या रुग्णांचं वजन सुरुवातीला वाढलं त्यांच्यात मृत्यू घटले. मोजणीची पट्टी ताटातल्या भाकरीची जागा घेणार नाही. बैरागडला १९८० च्या दशकात डॉ. रवींद्र कोल्हे गेले, पुढे डॉ. स्मिता कोल्हे आल्या. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. आजार बरा करायचा तर शेती, रेशन, रस्ता यांना हात घालावा लागतो हे त्या दोघांच्या कामातून कुणीही शिकावं.

तरीही मोजणी हवी, आणि ती इथे हवी. अमरावतीत शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे, जी हेरॉव्स्कींच्या शोधाच्या पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये सुरू झाली. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आहे, शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. अकोल्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. यांपैकी कुठल्याही प्रयोगशाळेला कार्बनची पट्टी आणि पोटेन्शिओस्टॅट परवडणारे आहेत. करायचं काम चमकदार नाही. धारणीच्या भांडारातल्या सहा-सात नेहमीच्या औषधांसाठी पद्धत बसवायची. एकाच गोळीची पट्टीवर आणि एचपीएलसीवर तपासणी करून किती फरक येतो ते लिहायचं. मे महिन्यात पट्टी उपकेंद्राच्या कपाटात ठेवून ती ऑगस्टमध्ये खरं बोलते का ते पाहायचं. आणि रुग्णाची संमती घेऊन, वरून औषध न मिसळलेल्या लघवीवर ती चालते का ते तपासायचं. निकाल वाईट आला तरी छापायचा. यातून कदाचित मोठ्या नियतकालिकात निबंध येणार नाही, पण तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला वापरता येईल असा कागद तयार होईल.

माझी विनंती वऱ्हाडातल्या रसायनशास्त्राच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना आहे. पुढचा पीएचडीचा विद्यार्थी ‘गोळ्या आणि लघवीचे नमुने’ असं प्रबंधात लिहील, तेव्हा ते कुठले हे त्याला विचारा. आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीवर असलेल्यांना एवढंच सांगणं, की कळमखारच्या कपाटातल्या एका गोळीची तपासणी तालुक्याच्या गावी पहिल्यांदा कधी होणार, याची तारीख पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.